क्यूमधली तीन काचघरं: अर्धाच दिवस असेल तर कुठे जाल?

लंडनच्या क्यू गार्डन्सचं तिकीट एकदा काढलं की आतली सगळी काचघरं पाहता येतात. साहजिकच सगळीच पाहून टाकू, असा मोह होतो. बाग मात्र 130 हेक्टरांच्या आसपास पसरलेली आहे आणि काचघरं एकमेकांना चिकटून नाहीत. हातात चार तास असतील तर तीन मोठ्या काचघरांपैकी दोनच निवडा, असं माझं ठाम मत आहे. तिन्ही घाईत पाहिली की शेवटी फक्त हिरवा रंग आणि घाम आठवतो.

पाम हाऊस हे क्यूच्या प्रत्येक फोटोत दिसणारं काचघर. वास्तुकार डेसिमस बर्टन आणि लोखंडकामाचे जाणकार रिचर्ड टर्नर यांनी ते 1844 ते 1848 या काळात उभारलं. त्या काळी एवढा मोठा खांबविरहित गाळा घडीव लोखंडात उभा करायचा, तर जहाजबांधणीचं तंत्र उसनं घ्यावं लागलं. म्हणूनच ते उलट्या ठेवलेल्या गलबतासारखं दिसतं. आत उष्ण कटिबंधातलं वर्षावन आहे. दमट हवेनं चष्मा आणि कॅमेऱ्याची काच लगेच धुरकट होते, त्यामुळे फोटो काढणाऱ्यांनी पहिली दहा मिनिटं नुसतं पाहावं. नारळ, केळ, कोको, कॉफी अशी ओळखीची मंडळी इथे आहेत. ज्यांनी ही झाडं रोज पाहिली आहेत त्यांना इथे झाडांपेक्षा इमारत जास्त भावेल. मला तरी तसंच वाटतं. गोल जिन्यानं वरच्या सज्ज्यात जाता आलं तर जरूर जा. माडाच्या झावळ्या वरून बघायला एरवी कुठे मिळतात?

एक झाड मात्र इथे चुकवू नका. क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसन यांनी दक्षिण आफ्रिकेतून आणलेला सायकॅड, म्हणजे माडासारखं दिसणारं पण फुलं न येणारं प्राचीन कुळातलं झाड, 1775 मध्ये क्यूमध्ये पोचला आणि तो आजही कुंडीतच आहे. कुंडीतलं जगातलं सर्वात जुनं झाड म्हणून त्याची ख्याती आहे. इथे आल्यापासून त्याला एकदाच शंकू (फुलाच्या जागी येणारा भाग) आला, तो 1819 मध्ये. तो पाहायला वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स मुद्दाम आले होते.

टेंपरेट हाऊस पाम हाऊसच्या जवळजवळ दुप्पट आहे, व्हिक्टोरियन काळातलं आज उभं असलेलं सर्वात मोठं काचघर. तेही बर्टन यांचंच. काम सुरू झालं 1860 च्या सुमारास, मध्येच पैसे संपले आणि शेवटचा भाग पुरा व्हायला 1899 उजाडलं. इथली हवा समशीतोष्ण, श्वास कोंडत नाही. वाटा रुंद आहेत, उजेड भरपूर आहे. वयस्कर माणसं सोबत असतील किंवा बाबागाडी असेल तर मी डोळे झाकून हेच सुचवीन. पहिल्या नजरेत मात्र ते पाम हाऊसइतकं थक्क करत नाही. इथे पाट्या वाचत हिंडावं लागतं, कारण इथली बरीच झाडं त्यांच्या मूळ ठिकाणी दुर्मीळ झालेली आहेत किंवा उरलेलीच नाहीत.

त्यांतलं एक म्हणजे एन्सेफालार्टोस वुडाय. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना 1895 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नगोये जंगलात या सायकॅडचं एकच बेट सापडलं, आणि तेही नर. मादी झाड आजवर कुणालाच दिसलेलं नाही. जगभरच्या बागांमध्ये वाढणारी सगळी झाडं त्याच एका बेटाच्या फुटव्यांपासून झालेली, म्हणजे एका अर्थी एकच झाड. क्यूमध्ये ते 1899 मध्ये आलं, हे काचघर पुरं झालं त्याच वर्षी. 2004 मध्ये इथे त्याला पहिल्यांदा शंकू आला, पण परागकण द्यायचे कुणाला? अलीकडे ड्रोननं जंगलाची चित्रं घेऊन मादीचा शोध सुरू झाला आहे. या झाडापुढे मी जितका वेळ उभा राहिलो तितका क्यूमध्ये दुसरीकडे कुठेच नाही.

प्रिन्सेस ऑफ वेल्स कंझर्व्हेटरीचा बाज अगदी वेगळा. 1987 मध्ये डायनानं तिचं उद्घाटन केलं, पण नाव आहे अठराव्या शतकात बागेचा पाया घालणाऱ्या प्रिन्सेस ऑफ वेल्स ऑगस्टा यांच्यावरून. बाहेरून ती साधी, जमिनीलगतच्या उतरत्या काचांची दिसते. आत संगणकानं सांभाळलेली दहा हवामानं आहेत. एका दारापलीकडे घायपात आणि निवडुंगांचं कोरडं वाळवंट, पुढच्या दारापलीकडे ऑर्किडांचं ओलं जंगल. गोट्यांसारखी दिसणारी लिथॉप्स, कीटक खाणारी घटपर्णी, पाण्यावर परातीएवढी पानं पसरणाऱ्या कमळिणी. मुलांना घेऊन जाणार असाल तर दुसरीकडे बघूच नका. टायटन अरमही इथेच, आपल्या सुरणाचा महाकाय भाऊबंद. लागवडीतलं त्याचं पहिलं फूल 1889 मध्ये क्यूमध्येच उमललं होतं. ते जेमतेम दोन-तीन दिवस टिकतं आणि सडक्या मांसासारखा वास मारतं, म्हणून त्याच्या भरवशावर बेत आखू नका. हिवाळा सरताना इथे ऑर्किड महोत्सव भरतो. त्या दिवसांत रंगांची उधळण असते आणि गर्दीही तशीच असते, निवांतपणा हवा असेल तर ते आठवडे टाळा.

मग जोडी कोणती लावायची? मुलं सोबत असतील किंवा वनस्पतींची विविधता हवी असेल तर कंझर्व्हेटरी आणि पाम हाऊस. बांधकामाची आणि इतिहासाची आवड असेल तर पाम हाऊस आणि टेंपरेट हाऊस. मला पुन्हा एकच फेरी मिळाली तर मी ही दुसरी जोडी घेईन, त्या दोन सायकॅडांसाठी. व्हिक्टोरिया गेटनं आत शिरलं की पाम हाऊस अगदी जवळ पडतं, तिथून दक्षिणेकडे चालत गेलं की टेंपरेट हाऊस. कंझर्व्हेटरी उलट दिशेला, उत्तरेकडे आहे.

हिवाळ्यात जात असाल तर सकाळीच पोचा. दिवस लहान असतात आणि काचघरं बागेच्या आधी बंद होतात. पाम हाऊसशेजारचं छोटं वॉटरलिली हाऊस त्या दिवसांत बंदच असतं. आणि निघण्यापूर्वी कोणतं काचघर दुरुस्तीला काढलं आहे ते नक्की पाहा. टेंपरेट हाऊस 2013 मध्ये बंद झालं ते थेट 2018 मध्ये उघडलं.