प्रीमियर पद्मिनी: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः स्टिअरिंगविषयी

ज्या गॅरेजने बिलावर ‘स्टिअरिंग बॉक्स ओव्हरहॉल’ असे लिहून माझ्याकडून पैसे घेतले, त्याने तो बॉक्स (स्टिअरिंगची फिरत पुढच्या चाकांच्या दांड्यांना देणारी पेटी) उघडलाच नव्हता, हे गाडीखाली आडवे पडल्यावर मला स्पष्ट दिसले. म्हणून पद्मिनीच्या वापराचा हा अनुभव मायलेज, रंग किंवा क्रोमच्या पट्ट्या यांपासून सुरू न करता मी स्टिअरिंगपासूनच सुरू करीत आहे. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचे चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा ही माहिती वाचकांना आहे, असे मी धरून चालतो.

माझी गाडी १९८६ सालची, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली. साताऱ्यात राहून पुणे आणि कोल्हापूर या दोन्ही बाजूंना ती महामार्गावर नियमित चालवली. इंजिनाने त्रास दिलेला नाही, बारीक खांबांमुळे चारही बाजूंना जसे दिसते तसे आजच्या कोणत्याही गाडीतून दिसत नाही, आणि पुढच्या सलग सीटवर लांबच्या प्रवासातही पाठ दुखत नाही. उकाड्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. घेतानाच ते ठाऊक होते.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा स्टिअरिंगला प्ले होता. स्टिअरिंगचे चाक साधारण दोन बोटे फिरवले, तरी पुढची चाके हलत नसत. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा तपासणी होते, म्हणून त्याआधी हा प्ले काढावा या हेतूने गाडी गॅरेजला दिली. प्ले गेला, तपासणी पार पडली आणि मी समाधानाने पैसे दिले. त्यानंतर काही दिवसांनी पुण्याहून परतताना, खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या पुढे आल्यावर, गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे सरकू लागली. थोडे उजवीकडे ओढून तिला रेषेत आणले, तर ती उजवीकडेच सरकत राहिली. पुढे बराच वेळ काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात बाजारात फिरवली तेव्हा दोषाचे नावही नव्हते. गॅरेजवाल्याला शेजारी बसवून फेरी मारली, तेव्हा गाडी शहाण्यासारखी चालली आणि त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही.

अधूनमधून येणाऱ्या दोषाचा खरा खर्च दुरुस्तीत होत नाही, तर प्रत्येकाने आपापल्या दुकानात जे विकायला आहे तेच निदान म्हणून सांगण्यात होतो. अलाइनमेंटवाल्याने अलाइनमेंट केले आणि सगळे आकडे हिरव्या रंगात असलेला कागद हातात ठेवला. दोष परत आला तेव्हा त्याने पुन्हा अलाइनमेंट केले, पुन्हा हिरवाच कागद दिला आणि पुन्हा पूर्ण पैसे घेतले. टायरवाल्याने पुढची जोडी बदलायला सांगितले. आणखी एकाने कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन, ज्यामुळे चाक आपसूक सरळ होते) कमी पडत असल्याचे सांगून पुढच्या सस्पेन्शनखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, घालण्याचा घाट घातला. जी गाडी आदल्या महिन्यापर्यंत सरळ चालत होती तिचा कॅस्टर अचानक का कमी पडावा, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

सुरुवातीला माझा स्वतःचा संशय टायरांवरच होता. पद्मिनीला मुळात ५.२०-१४ मापाचे जुन्या धाटणीचे क्रॉसप्लाय टायर येत, आणि आधीच्या मालकाने आजच्या पद्धतीचे रेडियल बसवले होते. परंतु नवी जोडी घेण्याऐवजी आहेत तेच पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले, ज्याला हवा भरण्यापलीकडे काहीच खर्च येत नाही. टायरमुळे ओढ असती, तर तिची दिशा उलटली असती. येथे गाडी आधीही दोन्ही बाजूंना सरकत होती आणि नंतरही दोन्ही बाजूंना सरकत राहिली. रस्त्याचा उतारही कारण नव्हता, कारण आपल्याकडे पाणी वाहून जाण्यासाठी तो सामान्यतः डाव्या कडेला असतो आणि गाडीला उजवीकडे कधीच नेत नाही. राहिला ब्रेकचा संशय, म्हणजे एखाद्या ड्रमात शू अडकून राहणे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक न लावता बरेच अंतर जाऊन, गाडी आपोआप थांबू देऊन दोन्ही ड्रमांजवळ हात धरून पाहिले, तर दोन्ही सारखेच कोमट होते. टायरांविषयीचे माझे मत तेथेच बदलले. आज ते टायर मला पूर्ण पसंत आहेत, फक्त गाडी लावताना चाक थोडे जड जाते.

निदानाला खरी दिशा मिळाली ती एका साध्या नोंदीमुळे. दोष कधी आला हे न लिहिता, तो येण्याच्या लगेच आधी गाडीने काय केले, हे लिहायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी आधी एक सौम्य, लांबलचक वळण होते, आणि ज्या बाजूचे वळण त्याच बाजूला गाडी नंतर सरकत होती. म्हणजे गाडीला कोणी ओढत नव्हते. वळलेले स्टिअरिंग पूर्णपणे सरळ होत नव्हते. शहरात दोष न दिसण्याचे कारणही यातच होते. तेथे वळणे तीव्र असतात आणि चाक आपण हातानेच परत आणतो.

यानंतर गाडीचा पुढचा भाग उचलून भक्कम स्टँडवर ठेवला आणि स्टिअरिंग बॉक्सच्या आर्मपासून पुढची सगळी जोडणी सोडवली. आता चाके एका बाजूला आणि बॉक्स दुसऱ्या बाजूला, असे दोन स्वतंत्र संशयित झाले. चाके हाताने दोन्हीकडे विनासायास फिरली, म्हणजे किंगपिन (ज्या उभ्या खिळीवर पुढचे चाक वळते ती) अडकत नव्हते. आत बसून स्टिअरिंग फिरवले, तर मध्यभागी ते हलके होते आणि डावीकडे किंवा उजवीकडे थोडे नेताच जड होत होते. दोष तेथे होता.

ही आजच्यासारखी रॅक-पिनियनची, म्हणजे दात्यांच्या सरळ पट्टीवर वळणारी, गाडी नव्हे. हिचा बॉक्स वर्मवर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेल्या दांड्यावर, चालणारा, जुन्या पद्धतीचा आहे. गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळ चालते, त्यामुळे अशा बॉक्समध्ये वर्मची झीज मध्यभागी सर्वांत जास्त आणि कडेला कमी होते. गॅरेजने काय केले, तर चाके सरळ ठेवून, मध्यभागीचा प्ले नाहीसा होईपर्यंत बॉक्सचे अ‍ॅडजस्टमेंट आवळले. मधला झिजलेला भाग त्यामुळे घट्ट बसला, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा न झिजलेला भाग आता गरजेपेक्षा जास्त घट्ट झाला. सौम्य वळणानंतर पुढची चाके आपसूक सरळ होण्याचा जो जोर लावतात तो या घट्टपणापुढे अपुरा पडत होता, आणि स्टिअरिंग वळल्या जागी थांबत होते. अलाइनमेंटच्या यंत्रावर चाके सरळच ठेवलेली असतात, म्हणून तेथे ते कधीही दिसले नसते. बॉक्सच्या झाकणाच्या बोल्टांवरचा जुना रंग आणि त्यावर साचलेला तेलकट मळ अभंग होता, ही गोष्ट मी याच वेळी पाहिली. ज्या ‘ओव्हरहॉल’चे पैसे घेतले गेले ते एका पान्याचे काम होते.

मग मुळातला प्ले कोठून आला होता? जोडणी पुन्हा बसवली, गाडी जमिनीवर घेतली, मुलीला आत बसवून चाक थोडे थोडे डावे-उजवे हलवायला सांगितले आणि मी प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहत गेलो. ही तपासणी चाके जमिनीवर असतानाच करावी, कारण वजन असल्याशिवाय सांध्यातला ढिलेपणा नीट उघड होत नाही. टाय रॉडच्या (पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या) दोन एंडमध्ये, म्हणजे टोकांच्या सांध्यांत, थोडी हालचाल होती, पण गाडीच्या दुसऱ्या बाजूला, बॉक्सच्या विरुद्ध, जोडणीला नुसता आधार देणारा आयडलर आर्म आडवा हलण्याच्या आधी चक्क वर-खाली डोलत होता. त्याचा बुश (पिनभोवतीची नळी) झिजून संपला होता. त्या दोन बोटांतला बराचसा वाटा त्याचा होता, आणि गॅरेजने तो बॉक्समधून वसूल केला होता.

टाय रॉड एंड पुण्याच्या नाना पेठेत मिळाले. आयडलरचा तयार बुश मिळाला तो पिनवर सैल बसत होता, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिनच्या मापाने गनमेटलचा बुश लेथवर करून घेतला. तो तयार बुशापेक्षा महाग पडला आणि त्याचा मला खेद नाही. एवढे झाल्यावरच बॉक्स सैल केला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक कोठेही जड होणार नाही इतपत तो ठेवला आणि मध्यभागी जो प्ले उरला तो उरू दिला. तो आता अर्ध्या बोटापेक्षा जास्त नाही. खंबाटकीनंतर गाडी सरळ चालते, आणि वळणातून बाहेर पडताना चाक हातातून हळूहळू स्वतःहून मागे येते, हे सुख या गाडीत मी प्रथमच अनुभवले. पद्मिनीचे स्टिअरिंग मुळातच दुबळे आहे, असे मी आधी म्हणत असे. आता म्हणणार नाही. ते जड आहे, आणि त्याच्या सांध्यांना ग्रीस व लक्ष हवे.

बिलाचे भांडण मात्र सुटायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. गॅरेजमालकाने आधी बोल्टांची छायाचित्रे पाहण्यासच नकार दिला, मग बोल्ट न उघडता ओव्हरहॉल कसे होते यावर एक व्याख्यान दिले, आणि शेवटी अर्धी रक्कम पुढच्या कामात वळती करण्याची तयारी दाखवली. पुढचे काम त्याला द्यायचे नसल्याने ती सवलत मला निरुपयोगी होती. मी रोख मागितली आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर मिळवली.

सुट्या भागांबद्दल थोडेसे. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. इतकी वर्षे हे भाग दुकानांत राहिले ते मुख्यतः टॅक्सीवाल्यांच्या मागणीमुळे, म्हणून एंड, बुश आणि किंगपिनचे संच दिसतील तेव्हाच घेऊन ठेवणे मी स्वस्त समजतो. भंगारातला वापरलेला स्टिअरिंग बॉक्सही कोणी देऊ केला, तर तो हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नुसता मध्यभागी हलवून दाखवलेला बॉक्स काहीही सिद्ध करीत नाही.

किंगपिनचे काम माझ्याकडे अजून बाकी आहे. पुढचे चाक वर आणि खाली धरून हलवले की थोडासा खडखडाट जाणवतो, आणि ब्रेक दाबून धरल्यावरही तो जात नाही, म्हणजे तो बेअरिंगचा नाही. संच घेऊन ठेवला आहे, पण वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीम करून, म्हणजे आतून कोरून मापाचा करून, देणारा भरवशाचा माणूस अजून ठरलेला नाही. बुश वाकडे बसले, तर किंगपिन अडकेल आणि गाडी पुन्हा वळणानंतर सरकू लागेल. तोपर्यंत दर महिन्याला ग्रीस गन घेऊन प्रत्येक निपलमध्ये, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत, नवे ग्रीस भरतो.