बारा भाग ऐकले, शिंप्याला मिळाली चार मिनिटं

सुरुवातीच्या साम्यवादी विचारवंतांनी उद्याच्या समाजाचं चित्र कसं रंगवलं होतं, या विषयावरची बारा भागांची श्राव्य व्याख्यानमाला नुकतीच ऐकून संपवली. ॲपचं नाव देत नाही, कारण तक्रारी आहेत आणि वक्ते मात्र मनापासून बोललेत. मी शिवणकाम करते. मशीनवर बसलं की हात नि डोळे गुंततात, कान रिकामे राहतात. तेव्हा हा अभिप्राय एका शिंपिणीचा आहे, प्राध्यापकाचा नाही.

आधी तक्रार. भाग मध्येच थांबवला की ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. हात कापडात अडकलेले असताना ‘नमस्कार श्रोतेहो’ सतरा वेळा ऐकायचं म्हणजे शिक्षाच. मदत केंद्राला लिहिलं. ‘ॲप काढून परत टाका,’ एवढंच उत्तर आलं. टाकलं. ढिम्म फरक नाही. शिवाय फ्रेंच नावांचे उच्चार इंग्रजी वळणाचे. ‘कॅबेट’ म्हणून ज्याला मी शोधत होते, तो एतिएन काबे निघाला.

सुरुवात थॉमस मोरच्या १५१६ सालच्या, एका काल्पनिक बेटावरच्या ‘युटोपिया’ या पुस्तकापासून होते. तिथली माणसं दिवसाला सहाच तास काम करतात आणि कामाचे चामडी कपडे सात वर्षं वापरतात. सात वर्षं! माझं दुकान पहिल्याच वर्षी बंद पडेल. तिथल्या सामायिक भोजनगृहांतली घाणेरडी कामं गुलाम करतात, हे वक्त्यांनी झाकून ठेवलं नाही, ते बरं केलं.

खरी मजा काबेच्या भागात आहे. १८४० साली त्यानं ‘इकारिया’ नावाच्या देशाची काल्पनिक सफर छापली. तिथं खाजगी मालमत्ता नाही, पैसा नाही, कपड्यांचे नमुने ठरलेले. आणि ते कपडे ताणले जाणारे, म्हणजे एकच माप वेगवेगळ्या अंगांना चालावं. इथं मी मशीन थांबवलं. अहो, ताणणारं कापड अंगावर चढतं, बसत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाचा उजवा खांदा उतरता आहे. त्या बाजूचा मुंढा अर्धा इंच जास्त खोल कापला नाही, तर हात वर करताच बाही ओढते. ते अर्धा इंच कुठल्या समितीला कळणार? वरून काबे म्हणतो, कपड्यावरून वय, धंदा, लग्न झालंय की नाही, वैधव्य, सगळं ओळखू यावं. सगळ्यांना एका पातळीवर आणायला निघालेल्या माणसाला हे खटकलं नाही, याचं मला नवल वाटतं. वक्ते इथं नुसते पुढे सरकतात. पुढची हकिगत मात्र छान सांगितली आहे. ३ फेब्रुवारी १८४८ ला त्याचे ६९ अनुयायी ल हाव्र बंदरातून टेक्ससकडे निघाले. सुमारे आठ वर्षांनी, १८५६ मध्ये, अमेरिकेतल्या त्याच्याच वसाहतीतल्या लोकांनी काबेला बाहेर काढलं आणि त्याच वर्षी तो वारला.

फ्रेंच विचारवंत शार्ल फूरिएवर दोन भाग आहेत. समुद्राला लिंबाच्या सरबतासारखी चव येईल हे त्याचं भाकीत सांगताना वक्त्यांना हसू आवरत नाही. मलाही आवरलं नाही. पण त्याच्या कल्पनेतल्या १,६२० माणसांच्या वस्तीत एकच काम कुणी दिवसभर करत नाही. दर दीड-दोन तासांनी काम बदलतं. दुपारी चारला पाठ धरलेल्या माणसाला विचारा, यात हसण्यासारखं काय आहे ते! चिखलात रमणाऱ्या पोरांवर तो घाण काढायचं काम सोपवतो. माझ्या धाकट्याला लगेच नोकरी लागली असती. (फूरिए काटेकोर अर्थानं साम्यवादी नव्हे, तो भांडवलाला वाटा देतो. हेही इथं नीट सांगितलंय.) ब्रिटिश गिरणीमालक रॉबर्ट ओवेनचा भाग ठीक.

आता माझं खरं गाऱ्हाणं. या सगळ्या मंडळींत एक जण पेशानं शिंपी होता. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा व्हिल्हेल्म वाइटलिंग. त्याला मिळाली मोजून चार मिनिटं. १८४२ च्या त्याच्या पुस्तकात मला पटेल अशी एक युक्ती आहे. गरजेपुरतं काम सगळ्यांनी करायचं आणि गरजेच्या वस्तू सगळ्यांना मिळायच्या. ज्याला चैनीचं काही हवं असेल त्यानं जादा तास काम करायचं, ते तास आपल्या वहीत नोंदवून घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात ती वस्तू न्यायची. म्हणजे कुणाला जरीचा काठ हवाच असेल तर वाट मोकळी आहे. काबेकडे ती नाही.

त्या चार मिनिटांतली दोन तर भांडणात जातात. मार्च १८४६, ब्रुसेल्स. मार्क्स वाइटलिंगवर संतापून टेबलावर मूठ आपटतो, दिवा हलतो. ‘अज्ञानानं आजवर कुणाचंच भलं झालेलं नाही!’ प्रसंग ऐकवला झकास. मग तीन भाग मार्क्सचे. त्यानं रंगवलेल्या उद्याच्या समाजातला दिवस असा: सकाळी शिकार, दुपारी मासेमारी, संध्याकाळी गुरं, जेवणानंतर टीका. यात शिवणकाम कुठेच नाही, याची नोंद घ्यावी. भविष्यातल्या खानावळींसाठी पाककृती लिहून देणार नाही, असं तो १८७३ मध्ये म्हणाला. आमच्या भाषेत, कापड दाखवलं पण बेतून दिलं नाही. १८७५ मध्ये मात्र तोही श्रमाच्या दाखल्यांबद्दल लिहितो. केलेल्या कामाचा दाखला घ्यायचा आणि तेवढ्या श्रमाची वस्तू उचलायची. इथं वाइटलिंगच्या वहीची आठवण निघायला हवी होती. निघाली नाही.

वाइटलिंग पुढे न्यूयॉर्कला गेला, शिलाई मशीनमध्ये सुधारणा करत बसला, काजं करण्याच्या यंत्रासाठी त्यानं पेटंट घेतलं. हे मला नंतर वाचून कळलं. व्याख्यानमालेत तो ब्रुसेल्सच्या त्या टेबलाशीच बसलेला राहतो.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा ॲपनं घालवला, एक शिंप्याचा. सुधारित आवृत्ती काढलीत तर त्याला एक अख्खा भाग द्या. काजं करायला बसेन तेव्हा ऐकीन.