बालहृदयरोग विभाग: शस्त्रक्रिया उत्तम, डिस्चार्जचा कागद मात्र इंग्रजीत

पुण्यातील ज्या रुग्णालयात आमच्या मुलीवर जन्मानंतर तेविसाव्या दिवशी हृदयशस्त्रक्रिया झाली, त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे.

नवव्या दिवसापासून दूध ओढताना मुलीला धाप लागे आणि कपाळावर घाम येई. ओठांवरची निळसर झाक थंडीची असावी, अशी घरच्यांची समजूत होती. गावच्या बालरोगतज्ज्ञांनी तिच्या तळपायाला ऑक्सिमीटर बांधला, तेव्हा आकडा 84 आला आणि ऑक्सिजन लावूनही तो फारसा हलला नाही. त्यांनी त्याच दुपारी पुण्याला पाठवले.

या विभागाचे खरे बळ समजावून सांगण्यात आहे. मुलीला दूध पाजून, झोपवून जवळपास पाऊण तास इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर बॉलपेनने हृदय काढले. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त चार शिरांवाटे डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात, यायला हवे; आमच्या मुलीच्या चारही शिरा हृदयामागे एकत्र होऊन, एका उभ्या शिरेने मानेच्या दिशेने वर जाऊन, तेथून वळसा घेऊन उजव्या कर्णिकेत उतरत होत्या. याला टीएपीव्हीसी म्हणतात. दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र होते आणि त्यातून थोडे मिश्र रक्त डावीकडे जात होते, म्हणूनच ती तग धरून होती. हे छिद्र आपोआप बुजू दे म्हणून देवाला साकडे घातलेल्या आमच्या आईची त्यामुळे मोठी पंचाईत झाली.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी निर्दोष आली होती, याचा माझ्या मनात राग होता. गर्भात फुप्फुसांकडे रक्त फार थोडे जाते, त्यामुळे या शिरा नीट दिसत नाहीत आणि हा दोष पुष्कळदा निसटतो, हे डॉक्टरांनी न चिडता दोनदा सांगितले. शिरा यकृताकडे खाली उतरल्या असत्या, तर त्या मार्गात बहुधा अडथळा असतो आणि मग त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागते. आमच्याकडे अडथळा नसल्याने चौथ्या दिवसाची वेळ मिळाली. हार्ट-लंग मशीनवर ठेवून मागचा एकत्रित शिरासंगम डाव्या कर्णिकेला जोडला, छिद्र बंद केले आणि ती उभी शीर बांधली.

अतिदक्षता विभागातली शिस्त कडक होती आणि ते योग्यच होते. नातेवाइकांसाठी मात्र जिन्याजवळची दोन बाकडी आणि एकच चार्जिंग पॉइंट. सरकारी योजनेच्या काउंटरवर मुलीचे नाव विचारले गेले. बारसेच झाले नव्हते, त्यामुळे ‘बेबी ऑफ’ असे लिहून आईच्या नावाने फाइल पुढे सरकायला दीड दिवस गेला.

तक्रार आहे ती डिस्चार्जच्या कागदाची. या शस्त्रक्रियेनंतर काही बाळांत जोडाच्या जागी किंवा शिरांतच पुन्हा आकुंचन येते, तेही बहुधा पहिल्या वर्षातच, आणि त्याची चाहूल सर्वांत आधी घरच्यांनाच लागू शकते. असे असताना चार पानांचा तो सगळा कागद इंग्रजी संक्षेपांनी भरलेला होता. एका परिचारिकेने निघताना माझा हात झोपलेल्या मुलीच्या पोटावर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावला नसता आणि शांत झोपेत साठाच्या वर गेले, दूध अर्धवट सुटू लागले किंवा वजन वाढेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता यायचे, असे बजावले नसते, तर आम्हाला काय करायचे ते कळलेच नसते.

तिचे ते शब्द मी घरी मराठीत लिहून काढले आणि तिसऱ्या महिन्याच्या इकोला गेलो तेव्हा त्याची एक प्रत विभागात दिली. त्यांनी ती ठेवून घेतली आहे. छापून इतर पालकांना देतात की नाही, ते सहाव्या महिन्याच्या फेरीत पाहीन.