पुढच्या चाकांसाठी रुंद टायर: मी कसा फसलो

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचीच दोन चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेक मारताना सर्वाधिक भारही तीच पेलतात, हे खरे आहे. मला फसवताना विक्रेत्याने सुरुवात नेमकी या खऱ्या विधानाने केली. माझे पुढचे टायर गुळगुळीत झाले होते, मागचे बऱ्यापैकी झिजले होते. त्याने सुचवले की मागचे राहू द्यावेत आणि पुढे १७५/६५ आर १४ या मूळ मापाऐवजी १९५/६५ आर १४ हे रुंद टायर बसवावेत, म्हणजे पकड वाढेल आणि वेगात वळताना गाडी वळणाबाहेर सरकणार नाही. मला ते पटले, कारण ऐकायला ते शास्त्रशुद्ध वाटत होते.

पहिल्याच आठवड्यात स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर चाकाच्या कमानीतील प्लॅस्टिकला घासू लागला. घरी हिशोब केला तेव्हा कारण कळले. मापातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि शेवटचा १४ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचांत. मधला ६५ हा आकडा टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. त्यामुळे तो आकडा तसाच ठेवून रुंदी वाढवली की उंचीही वाढते. माझ्या चाकाचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटरवरून ६०९ मिलिमीटर झाला होता, म्हणजे जवळजवळ साडेचार टक्के जास्त. माझ्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकांच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे तो १०० दाखवत असताना खरा वेग आता पूर्वीपेक्षा जवळजवळ साडेचार टक्के जास्त असे.

पकडीचे गणितही विक्रेत्याने सांगितले तितके सरळ नव्हते. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग किती मोठा असेल, हे मुख्यतः त्यावरचा भार आणि आतला हवेचा दाब ठरवतात; रुंदी वाढली की तो भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. योग्य रिमवर याचा कोरड्या रस्त्यावर फायदा मिळतो, स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन येतो. माझा रिम मात्र ५ इंच रुंदीचा होता आणि १९५/६५ मापाला किमान साडेपाच इंची रिम लागतो. अरुंद रिमवर कोंबलेल्या टायरच्या भिंती फुगीर राहिल्या, वळताना त्या कलंडू लागल्या आणि स्टिअरिंग चपळ होण्याऐवजी सैलसर झाले. चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर तर गाडी स्वतःच त्या चाकोरीमागे जाऊ पाहत असे.

खरा धोका पावसात कळला. एका ओल्या वळणावर मी एक्सलरेटरवरून पाय काढला, तोच मागची बाजू बाहेर फेकली गेली. समोर कोणी नव्हते, म्हणून निभावले. पुढे ताजे, रुंद टायर आणि मागे झिजलेले अरुंद, अशी जोडी असेल तर पुढची चाके रस्ता धरतात आणि उथळ खाचांची मागची चाके पाण्यावर तरंगतात. पुढची चाके घसरली तर वेग कमी करून गाडी सावरण्याची शक्यता असते. मागची घसरली की सामान्य चालकाला ती सावरणे फार अवघड जाते. म्हणूनच दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीतही ते मागे बसवावेत, असे टायर कंपन्या सांगतात. टायर विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

त्याचा हेतू दुसऱ्या कारागिराने गाडी वर उचलली तेव्हा उघड झाला. टायरच्या भिंतीवर ‘DOT’ या अक्षरांपुढे छापलेल्या संकेताचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि अनेकदा ते एकाच बाजूला असतात. माझ्या दोन्ही टायरांची ती बाजू आत वळवून बसवली होती. अंक होते २४१९, म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. नवे म्हणून मी घेतले, तेव्हा ते साडेचार वर्षे पडून होते. मूळ मापाचे टायर त्याच्याकडे होते की नव्हते, हे विचारण्याचेही मला तेव्हा सुचले नव्हते.

मी परत गेलो तेव्हा त्याने शांतपणे पावती मागितली. पावतीवर ‘टायर, २ नग’ एवढेच लिहिले होते. माप नाही, अनुक्रमांक नाही, निर्मितीची तारीख नाही. हे टायर आपल्याकडचे नाहीतच, असे तो म्हणाला आणि माझ्याकडे दाखवायला काहीही नव्हते. चालकाच्या दारालगतच्या खांबावर मूळ माप आणि हवेचा दाब छापलेला स्टिकर होता. तो मी वाचला ते मूळ मापाचे चार टायर घेण्याच्या दिवशी. या वेळी टायर रिमवर चढण्याआधी मी प्रत्येकाचे चार अंक पाहिले आणि ते मापासह पावतीवर लिहून घेतले.