पेटी चांगली, पण आतला पट्टा चुकीचा

आमच्या पत्राकामाच्या वर्कशॉपसाठी चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेली ही प्रथमोपचार पेटी साडेअकराशे रुपयांना पडली आणि आतले बहुतेक सामान त्या किमतीला साजेसे आहे. कात्री मात्र बोथट निघाली. जीन्सचे कापड तिला कापत नाही.

पेटीची खरी परीक्षा गेल्या महिन्यात झाली. पत्र्याची कड लागून एका कारागिराचा हात कोपराखाली कापला गेला. रक्त गडद लाल होते आणि उसळ्या न घेता संथ, सलग वाहत होते, म्हणजे ते शिरेतले होते. गॉजच्या दोन जाड घड्या जखमेवर ठेवून, मध्ये एकदाही उचलून न पाहता, दहा मिनिटे तळहाताने दाबून धरल्यावर ते थांबले. शिरेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी असल्याने बहुधा एवढ्यावर भागते. गॉजला पैकीच्या पैकी गुण.

तक्रार आहे ती ‘टुर्निकेट’ (हातापायातून वाहणारे रक्त थांबवायला आवळून बांधायची पट्टी) म्हणून दिलेल्या पट्ट्याविषयी. लॅबमध्ये रक्त काढताना दंडाला बांधतात तोच हा बोटभर रुंदीचा रबरी पट्टा. तिथे त्याचे काम शिरा फुगवण्याचे असते. परतीचे रक्त अडते, पण धमनीतून येणारे चालूच राहते. धमनी (शाळेत आपण तिला रोहिणी म्हणायचो) तुटून लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळत असताना हाच पट्टा बांधला, तर आत येणारे रक्त थांबणार नाही, परतीची वाट तेवढी बंद होईल आणि जखम आणखी वाहील. खऱ्या टुर्निकेटची पट्टी न ताणणारी, सुमारे चार सेंटीमीटर रुंद असते. ती जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून बांधायची, रक्त थांबेपर्यंत दांडीने पिळायची आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर असते आणि मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जिवावर बेतते.

सोबतच्या माहितीपत्रकात धमनीत ‘शुद्ध’ आणि शिरेत ‘अशुद्ध’ रक्त एवढाच फरक छापला आहे. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला तो लागू पडत नाही, हे एक वेळ सोडून देऊ. पण जखमेवर हात ठेवून बसलेल्याला रक्त उसळते की ओघळते, हे कळायला हवे.

विक्रेत्याने तक्रार मान्य करून पट्टा बदलून पाठवला, तोही तसाच रबरी. आता दांडीचे टुर्निकेट वेगळे घेऊन पेटीत ठेवले आहे आणि झाकणावर १०८ हा क्रमांक रंगवला आहे. पाचपैकी तीन तारे. पट्टा सुधारला तर चार, पाचवा कात्रीसाठी राखीव.