पहिल्या टाकीत चेरी की क्रिस्टल रेड?

मत्स्यटाकीसाठी छोटी, गोड्या पाण्यातली श्रिंप (कोळंबी) घ्यायला दुकानात गेलं आणि क्रिस्टल रेड जातीचे लाल-पांढरे पट्टे बघितले की शेजारची चेरी श्रिंप अगदीच साधी वाटते. तरी पहिल्या टाकीत चेरीच सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रिस्टल रेडला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. पीएच ६ ते ६.८, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण) जवळपास शून्य. म्हणजे आरओचं पाणी, त्यात मोजून घातलेले क्षार आणि तळाला अ‍ॅक्टिव्ह सॉइल, म्हणजे पाणी आम्लधर्मी ठेवणारी खास माती, जी काही काळाने दमते आणि बदलावी लागते. तापमान २४ अंशांच्या वर फार गेलेलं चालत नाही. नागपूरच्या मे महिन्यात हे नुसत्या पंख्यावर भागायचं नाही, चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र लागतं. आणि छोट्या टाकीपेक्षा तो चिलरच महाग पडतो!

चेरी पीएच ६.५ ते ८ मध्ये मजेत राहते. बोअरचं थोडं जड पाणी तिला उलट मानवतं, नव्या कवचाला कॅल्शियम मिळतं. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवा. मादी पोटाखाली अंडी धरून पायांनी त्यांना सतत हलवत असते. तीन-चार आठवड्यांत जावा मॉस या पाणवनस्पतीवर आईचीच इवलीशी प्रतिकृती असलेली पिल्लं रांगू लागतात.

दोन्हींसाठी स्पंज फिल्टर लावा, पाणी भरलेली टाकी महिनाभर तरी श्रिंप न सोडता चालवा आणि तांबं असलेली औषधं लांब ठेवा. टाकलेली कात मात्र काढू नका, श्रिंप ती खातात.