सात महिन्यांच्या वापरानंतर: जुन्या वळणाचा नवा सॅम्पलर

हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे छोटे नमुने साठवून ते पॅडवर बोटांनी वाजवण्याचे यंत्र, घेऊन सात महिने झाले. या काळात त्यावर माझ्या अकरा रचना पूर्ण झाल्या, दोन अर्ध्यावर राहिल्या आणि पहिल्या पंधरवड्यात बनलेले माझे मत जवळजवळ उलटे झाले. यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जुन्या यंत्रांची आठवण जागवून नवी यंत्रे बनवणाऱ्या बऱ्याच उत्पादकांचा गोंधळ मला यात दिसतो. जुन्यातले काय राखायचे हे ठरवताना त्यांनी हाताची सवय आणि तेव्हाची नाइलाजाची तडजोड यांत फरक केलेला नाही.

चार ओळींत चार असे सोळा रबरी पॅड ही मांडणी १९८८ साली आलेल्या अकाईच्या एमपीसी-६० या यंत्राने रूढ केली. रॉजर लिन यांच्या त्या आखणीत पुढे कोणाला फारसा बदल करावासा वाटला नाही, कारण ती हाताच्या मापाची आहे. माझ्या यंत्रातही तीच मांडणी आहे आणि पॅड खरोखर उत्तम आहेत. हलका आघात आणि जोरकस आघात यांच्यामधल्या पायऱ्या बोटाला स्पष्ट जाणवतात. तेराव्या क्रमांकाचा पॅड अलीकडे थोडा जड झाला आहे, पण रोज तासन्‌तास बडवल्यावर एवढे व्हायचेच.

‘जुना नाद’ या सोयीबद्दल मात्र मला वेगळे सांगायचे आहे. ती सुरू केली की आवाज १२ बिट आणि २६ किलोहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने कमी तपशिलावर, उतरतो. संदर्भ उघड आहे: १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये नमुने २६.०४ किलोहर्ट्‌झने घेतले जात आणि सगळे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. त्यामुळे लोक ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर वाजवून भरभर मुद्रित करत आणि नंतर यंत्रात तिचा वेग उतरवून जागा वाचवत. तो प्रसिद्ध खरखरीत पोत त्या काटकसरीतून आला. माझ्या यंत्रात कित्येक तासांचा आवाज मावतो, म्हणून तिथे ही सोय एक इफेक्ट म्हणूनच उरते. इफेक्ट वाईट नाही. बास ड्रमवर मी तो अधूनमधून लावतो. पण माहितीपत्रकात त्याला जे स्थान मिळाले आहे ते अवाजवी वाटते.

स्विंगची, म्हणजे प्रत्येक दुसरा ठोका किंचित उशिरा पाडून ताल झुलता करण्याची, गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जुन्या एमपीसीत एका मात्रेचे ९६ भाग होत, माझ्या यंत्रात ९६० होतात आणि हवे असल्यास जुनी ९६ ची जाळीही निवडता येते. मी मिनिटाला ९० मात्रांच्या वेगावर हाय-हॅटला (ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीला) ५८ टक्के स्विंग (५० म्हणजे अगदी सरळ ताल) देऊन दोन्ही जाळ्या तपासल्या. जुन्या जाळीत प्रत्येक दुसरा ठोका चार भागांनी, म्हणजे सुमारे २७.८ मिलिसेकंद उशिरा पडतो. नव्या जाळीत तोच उशीर सुमारे २६.४ मिलिसेकंद भरतो. ही जेमतेम दीड मिलिसेकंदाची तफावत मला डोळे मिटून ऐकताना एकदाही ओळखता आली नाही. उलट, चालू तालावर डाव्या हाताने स्विंगचा नॉब हळूहळू फिरवत नेणे आणि ताल कुठे ‘बसतो’ ते कानाने पकडणे, याने पडणारा फरक फार मोठा होता. पहिले चार महिने मी रोज तेच करत असे. मग फर्मवेअरचे (यंत्रातल्या अंगभूत प्रणालीचे) एक मोठे अद्ययावतन आले, त्यात तो नॉब फिल्टरला (आवाजाचा काही भाग गाळण्याच्या सोयीला) दिला गेला आणि स्विंग पडद्यावरच्या तिसऱ्या पानावर एका छोट्या सरकपट्टीत जाऊन बसला. तो मूळ जागी परत आणण्याचा पर्यायही ठेवला नाही. एक काम दोन दिवसांत द्यायचे असताना मी हे अद्ययावतन केले, ही चूक माझी. पण त्या दोन दिवसांत डावा हात किती वेळा रिकामा त्या नॉबकडे गेला ते मोजण्यापलीकडे होते.

याउलट नमुन्याचे नाव १६ अक्षरांतच बसले पाहिजे, ही मर्यादा त्यांनी निष्ठेने जपली आहे. संगणकावरून आणलेल्या एकाच वाद्याच्या नऊ मुद्रणांची नावे सोळाव्या अक्षरावर छाटली गेली, सगळी सारखीच दिसू लागली आणि प्रत्येक ऐकून क्रमांक शोधावा लागला. त्या काळी स्मृती महाग होती आणि पडदा इवलासा होता. आज सात इंची पडद्यावर या मर्यादेला कोणताही आधार नाही.

जोडण्यांबाबत माझे मत मिश्र आहे. १९८३ पासून चालत आलेले मिडी, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यात स्वरांचे संदेश नेणारी जोडणी, सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने धावते, म्हणजे एक स्वर पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो आणि आठ स्वरांचा कॉर्ड सात-आठ मिलिसेकंदांत पसरतो. यूएसबी त्याहून पुष्कळ वेगवान आहे. तरीही मी जुन्याच वाटेने जातो, कारण मिडीच्या संदेश घेणाऱ्या बाजूला प्रकाशाद्वारे संदेश पुढे देणारा विलगक असतो आणि दोन यंत्रांची विद्युत‌्‍भूमी (ग्राउंड) एकमेकींना जोडली जात नाही, त्यामुळे एकाचा गोंगाट त्या वाटेने दुसऱ्यात शिरत नाही. यूएसबीने जोडल्यावर लॅपटॉपचा चार्जर लागला की माझ्या स्पीकरमध्ये बारीक किणकिण सुरू होते आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा मजकूर सरकवला की तिचा स्वरही बदलतो. या यंत्रात पाच पिनांचे जुने भोक काढून साडेतीन मिलिमीटरचे दिले आहे, ते जागेच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण अशा जोडणीचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार आहेत. २०१८ साली ‘ए’ प्रमाण ठरला, तरी माझ्याकडचा जुना अडॅप्टर ‘बी’ प्रकारचा निघाला आणि एक अख्खी संध्याकाळ निःशब्दतेत गेली. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ असती तर ती संध्याकाळ वाया गेली नसती.

आपोआप जतन होण्याची सोय नव्या काळाची, आणि मला ती हवीच होती. पण दर पाच मिनिटांनी जतन होताना पॅड अर्धा सेकंद मुके होतात. मुद्रण चालू असताना वाजवलेला एक तुकडा असाच मुका गेला, म्हणून मी ती सोय बंद केली. पुढच्याच आठवड्यात बॅटरी संपून चाळीस मिनिटांचे काम गेले. ठोका थांबलेला असतानाच जतन करणे इतके अवघड नसावे.

सध्या मी यंत्र परत आधीच्या फर्मवेअरवर नेले आहे. त्यात पडद्यावरील तरंगरूप (आवाजाचे रेखाचित्र) कापण्याची नवी, खरोखर सोपी पद्धत गमवावी लागली, म्हणून नमुने कापण्याचे काम संगणकावर करून मगच ते यंत्रात आणतो, नावे आधीच चौदा अक्षरांत बसवून. ताल मात्र सगळा इथेच, त्या नॉबवर डावा हात ठेवून बांधतो.